मांगरातलं लोखंड

समुद्राच्या इतक्या जवळ लोखंडाची हौस करू नये, असं आमच्याकडे कोणीही सांगेल. वेंगुर्ल्याहून शिरोड्याकडे जाताना आमचं गाव लागतं. शिरोड्याला मिठागरं आहेत. १९३० साली मिठाचा सत्याग्रह झाला तो तिथेच. या पट्ट्यातली हवा लोखंडाला कधी सुटी देत नाही. नव्या कुलुपाची कडी एका पावसाळ्यात तांबडी होते. सायकलच्या साखळीला तेल घालायला विसरलं की ती अडकते. खिडकीचे गज चौकटीत शिरतात, तिथे आधी बारीक होतात आणि मग एक दिवस हाताने हलतात. त्यात पाऊस, वर्षाला तीन हजार मिलिमीटर पडला तर त्याचं कोणाला नवल वाटत नाही. अशा ठिकाणी मी एक अख्खी खोली जुन्या लोखंडाने, जुन्या लाकडाने आणि दुसऱ्यांच्या घरातून बाहेर पडलेल्या वस्तूंनी सजवली. घरातल्या कुठल्याही खोलीपेक्षा ती मला जास्त प्रिय आहे.

खोली म्हणजे आमचा मांगर. घरापासून जरा बाजूला, माडांच्या कडेला. गवत, शेणी, उतरवलेले नारळ, नांगर, जू, चुडतांच्या म्हणजे माडाच्या झावळ्यांच्या मोळ्या हे सगळं तिथे असायचं. जांभ्याच्या चार भिंती, वर कौलं, एक बुटकं दार आणि वाऱ्यापुरती सोडलेली भोकं. गुरं गेली, भातशेती आवरली, आणि मांगर रिकामा पडला. माझं काम पाठ्यपुस्तकांची मुद्रितं, म्हणजे प्रुफं, तपासण्याचं. त्याला ऐसपैस टेबल लागतं आणि दुपारी कोणी हाक मारणार नाही अशी जागा लागते. घरात दोन्ही मिळेना, तेव्हा बाबांनीच मांगराची किल्ली माझ्या हातात दिली.

मासिकांत आणि फोनवर ज्याला ‘रस्टिक इंडस्ट्रियल’ म्हणतात ती शैली मला मनापासून आवडते. उघडी भिंत, उघडे पाइप, लोखंडी सांगाडे, रंधा न मारलेलं लाकूड, वरून सोडलेला पिवळा दिवा. तिची सुरुवात न्यूयॉर्कच्या सोहो भागात झाली असं मानतात. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथले कारखाने आणि गोदामं रिकामी होत गेली, आणि चित्रकार-शिल्पकारांनी ते उंच छताचे मजले स्वस्त भाड्याने घेतले. कायद्याने तिथे राहता येत नव्हतं. कलाकारांपुरती ती मुभा शहराने १९७१ साली दिली. तुळया झाकायला, नळ भिंतीत घ्यायला त्यांच्याकडे पैसे नव्हते, म्हणून ते उघडे राहिले. गोदामात सापडेल त्या फळीचं टेबल झालं. ज्यांच्याकडे पैसे होते त्यांना हे सगळं नंतर आवडू लागलं.

मला त्यातली मोलाची वाटते ती सुरुवातीची गरज. जागेत जे होतं त्यातूनच त्यांनी घर उभं केलं. आमच्या मांगरात तर झाकलेलं काही नव्हतंच. वासे दिसत होते, रिपा दिसत होत्या, चिऱ्यांचे सांधे दिसत होते. मला त्यात जोडायच्या होत्या त्या या किनाऱ्यावर कोणीतरी खरोखर वापरलेल्या वस्तू.

भिंतींपासून सांगते. चिऱ्यावर गिलावा करायचा नाही, यावर मी अडून बसले होते. ईस्ट इंडिया कंपनीचा डॉक्टर फ्रान्सिस बुकानन १८०० च्या सुमारास मलबारात फिरत होता. त्याचं प्रवासवर्णन १८०७ साली छापलं गेलं. त्यात त्याने लिहून ठेवलंय की हा जांभा दगड खाणीत इतका मऊ असतो की लोखंडी हत्याराने सहज कापता येतो, आणि हवेत आला की थोड्याच काळात विटेइतका कठीण होतो. आमच्या चिरेखाणींवर आता यंत्रं आली, तरी दगडाचा स्वभाव तोच आहे. त्याचा तांबडा रंग लोखंडाच्या ऑक्साइडचा, आणि गंजाचा रंगही त्याच घराण्यातला. त्यामुळे जांभ्याच्या भिंतीपुढे जुनं लोखंड ठेवलं की ते बाहेरून आणलेलं वाटत नाही. हे कुठल्याही रंगाच्या पुस्तकातून साधता आलं नसतं.

चिऱ्यांच्या सांध्यांत पूर्वी माती होती आणि ती जागोजागी निघून आली होती. गवंड्याचा आग्रह सिमेंटचा. पण जांभा पाणी पितो आणि उन्हात सोडतो. सिमेंटचा घट्ट सांधा त्याला ते सोडू देत नाही. मग ओल दगडातच राहते आणि चिऱ्याच्या कडा झडायला लागतात. म्हणून चुना आणि वाळू. चुना भिजवून मुरवायला वेळ जातो, गवंडी कंटाळतो, पण हा सांधा पुढे दगडाबरोबर श्वास घेतो. उत्तरेची एकच भिंत मी चुन्याने पांढरी केली, कारण मुद्रितं तपासायला उजेड लागतो आणि जांभा उजेड खातो.

छपराची काही कौलं फुटली होती. मंगलोरी कौलांचा पहिला कारखाना बासेल मिशन या ख्रिस्ती संस्थेने १८६५ साली मंगळुरात काढला. पुढे किनाऱ्याने ही चपटी कौलं सगळ्या कोकणात पसरली आणि नळीच्या कौलांची जागा त्यांनी घेतली. आता त्यांची जागा स्लॅब आणि पत्रा घेत आहेत, त्यामुळे उतरवलेली कौलं सहज मिळतात. शेजारच्या वाडीत एक घर पाडत होते, तिथून आणली. एकेक कौल उचलून बोटाने टिचकी मारायची. खणखणीत वाजलं तर घ्यायचं, बद्द वाजलं तर आत चीर आहे. उलटं केलं की कारखान्याचं नाव आणि शिक्का दिसतो. आमच्या छपरात आता निरनिराळ्या कारखान्यांची कौलं शेजारीशेजारी बसली आहेत आणि पाऊस कोणालाच वेगळं समजत नाही. मध्ये काचेची कौलं बसवली. दुपारी त्यांतून पडणारा उजेडाचा चौकोन टेबलावरून सरकत जातो.

भंगाराच्या दुकानात जायची मला लहानपणापासून ओढ आहे. तिथे सगळं किलोने विकतात, वस्तूची कथा कोणी लावून विकत नाही. सजावटीच्या दुकानात तीच वस्तू नगावर जाते आणि किंमत कथेची असते. भंगारवाल्याकडे जाताना मी लोहचुंबक, जुना टॉवेल आणि पाण्याची बाटली नेते. चुंबक चिकटला तर आत लोखंड आहे, वर पितळेचा मुलामा असला तरी. बाटलीतल्या पाण्याने एक कोपरा धुऊन पाहायचा, म्हणजे तांबडेपणा वरवरचा आहे की खोल गेलाय ते कळतं. स्क्रूड्रायव्हरचं टोक टेकवून दाबलं आणि पापुद्रा निघाला, तर ती वस्तू कितीही देखणी असो, ठेवून यायची. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातही जुन्या सामानावर माझा डोळा असतो, पण तिथे घासाघीस करायला सकाळी लवकर पोचावं लागतं.

भंगारातूनच मला बिडाचं, म्हणजे ओतीव लोखंडाचं, एक वजन मिळालं, शेराचं. देशात मेट्रिक वजनं लागू व्हायला १ ऑक्टोबर १९५८ पासून सुरुवात झाली; म्हणजे हे बहुधा त्याच्या आधीचं, कुठल्यातरी वाण्याच्या तराजूतलं. शिक्क्याची कड अजून बोटाला लागते. समुद्रावरून दुपारी वारा सुटतो तेव्हा ते माझ्या मुद्रितांवर बसतं. पत्र्याची एक पायलीही आहे, भात मोजायची. चार शेरांची पायली. तिच्यात आता पट्ट्या, कात्र्या आणि गुंडाळलेले नकाशे उभे राहतात.

टेबल मात्र शोधून मिळवावं लागलं. शिलाई मशीनचा पायाने चालवायचा जुना स्टँड मला हवा होता, बिडाच्या वेलबुट्टीचा. गावागावात शिंपी मोटर लावून घेऊ लागले तेव्हा हे स्टँड अंगणात आले, कोंबड्यांच्या खुराड्याखाली टेकू म्हणून गेले. बीड खाऱ्या हवेत साध्या पत्र्यापेक्षा बरं टिकतं, जाडही असतं, पण ते ठिसूळ. हातोड्याचा एक घाव चुकीचा पडला तर तुकडा उडतो, आणि वेल्डिंग करणारा साधा माणूस तो जोडू शकत नाही. अडकलेले बोल्ट मी पातळ तेल सोडून, रात्रभर तसेच ठेवून, मग हळूहळू सोडवले. असे दोन स्टँड समोरासमोर ठेवले आणि वर फणसाच्या लाकडाचं एक जुनं दार आडवं टाकलं. फणस ताजा कापला की हळदीसारखा पिवळा दिसतो, आणि वर्षांनी काळसर तांबूस होतो. दाराच्या कडीची जागा मी बुजवली नाही. एका स्टँडचा पायटा मोकळा ठेवलाय. वाचताना पाय आपोआप त्यावर जातो आणि चाक फिरत राहतं.

आता ट्रंकेबद्दल. आजोबांची ट्रंक, पत्र्याची, हिरव्या रंगाची, झाकणावर पांढऱ्या ऑइलपेंटने नाव आणि पत्ता: मुक्काम, पोस्ट, तालुका वेंगुर्ला, जिल्हा रत्नागिरी. सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ ला झाला. ट्रंकेने तो बदल कधी मान्य केला नाही. आजोबा मुंबईला गिरणीत त्रासनखात्यात, म्हणजे सूतकताईत होते, बाबा पुढे साचेखात्यात, म्हणजे मागांवर लागले. कोकणातल्या घरांची ही ठरलेली वाट होती. १८५० च्या दशकात मुंबईत पहिली कापड गिरणी उभी राहिली, आणि त्यानंतर शंभर-सव्वाशे वर्षं इथली पोरं बंदरावरून आगबोटीने, पुढे एसटीने तिकडे जात राहिली. घरी यायची ती गणपतीला, शिमग्याला, ट्रंकेत कापडाचे तागे आणि खाऊ घेऊन.

कोकणात कारखाने नव्हते, मग इथे कसली ‘इंडस्ट्रियल’ शैली, असं मला एका मैत्रिणीने विचारलं होतं. उत्तर ही ट्रंक आहे. आमचा कारखाना पाचशे किलोमीटरच्या आत-बाहेर कुठेतरी परळला, लालबागला होता, आणि त्याचा पगार मनिऑर्डरने या घराच्या ओटीवर येत होता. या मांगराचे वासे बदलले तेही गिरणीच्या बोनसातून, असं आजी सांगायची. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, आणि तो संप रीतसर मागे असा कधी घेतलाच गेला नाही. कित्येक घरांत माणसं ट्रंक घेऊन परत आली. बाबाही त्यांत होते. काही दिवस थांबून परत जायचं, असंच सगळ्यांना वाटत होतं.

बाबांनी येताना ट्रंकेत एक धोटा आणला होता, मागावर आडवा धागा नेणारा. कठीण लाकडाचा, दोन्ही टोकांना पोलादी टोप्या, मधे सुताची कांडी बसायला लांबट पोकळी. साच्यातून सुटला तर माणसाला जायबंदी करायचा, इतक्या जोरात तो इकडून तिकडे जायचा. तो कपाटाच्या वर, वर्तमानपत्रात गुंडाळलेला होता. मांगर लावायला घेतला तेव्हा मला तो टेबलावर हवा होता, पण विचारायचा धीर होत नव्हता.

त्याला एक कारण होतं. मागे मुंबईला गेलो असताना नातेवाइकांनी आम्हाला जेवायला नेलं, एका जुन्या गिरणीच्या आवारात. गिरणगावातल्या बऱ्याच जागांवर आता मॉल, कचेऱ्या आणि हॉटेलं आहेत. त्या हॉटेलात विटांची भिंत खरवडून उघडी केली होती आणि छतापासून लाकडी कांड्यांच्या माळा सोडल्या होत्या, आत दिवे. सुंदर दिसत होतं, ते नाकारता येणार नाही. बाबा बराच वेळ वर बघत राहिले आणि म्हणाले, “ह्यो कांडयो उलट्यो टांगल्यानी हत.” एवढंच. राग नव्हता आवाजात; मुकादमाने चूक दाखवावी तसं. मग ते जेवले आणि गिरणीत दुपारच्या सुटीत डबा कुठे उघडायचे, ते वेटर पोराला विचारून विचारून शोधत राहिले. ती भिंत आता नव्हती.

त्या दिवसापासून माझ्या डोक्यात एक कसोटी पक्की झाली. मांगरात जी वस्तू येईल तिचं काम काय होतं, हे घरातल्या किंवा वाडीतल्या कोणाला तरी सांगता आलं पाहिजे, आणि ती सुलट लागली पाहिजे. आणि शक्यतो तिने इथेही काही काम करावं. नुसती भिंतीवर टांगलेली वस्तू खाऱ्या हवेत आपल्याकडून दुर्लक्षिली जाते. रोज हाताळलेली वस्तू टिकते, कारण हात तिच्यावरून फिरतो. हे मी सजावटीचं तत्त्व म्हणून सांगत नाही, किनाऱ्यावरचं साधं व्यवहारज्ञान म्हणून सांगते.

शेवटी धोट्याचं मी विचारलंच. बाबा म्हणाले, “थंय पडान रवण्यापेक्षा हंय बरो.” त्याच्या पोकळीत माझ्या लाल पेन्सिली आणि पेनं बसतात, मापात घेतल्यासारखी. वाडीतली मुलं आली की बाबा त्यातल्या पेन्सिली काढून ठेवतात आणि धोटा कसा जायचा ते टेबलावर सरकवून दाखवतात.

दिव्यांकडे वळते, कारण इथे जिवाचा प्रश्न आहे. जहाजावरचे पितळी दिवे, जाड काचेचे, वर जाळीचा पिंजरा असलेले, या शैलीत फार शोभतात. जहाजं तोडतात ती गुजरातेत अलंगला आणि मुंबईत दारूखान्याला. तिथून निघालेलं सामान चोरबाजारात येतं. नकलाही पुष्कळ येतात. खरा दिवा उचलताच मनगटाला कळतो, आटे खोल आणि स्वच्छ असतात, ओतीव अक्षरं पुसट झालेली असतात, आणि चुंबक चिकटत नाही. पण खरा असो की नकली, आतली जुनी वायर आणि होल्डर काढून टाकायचे. तीन तारांची नवी केबल घालायची आणि तिसरी तार, अर्थिंगची, दिव्याच्या धातूच्या अंगाला पक्की जोडायची. आमच्याकडे जूनपासून भिंतीला हात लावला तरी ओल लागते. अशा हवेत अर्थिंग नसलेला धातूचा दिवा घरात नको. काम जाणत्या वायरमनकडूनच करून घेतलं, आणि मेन बोर्डाला गळती झाली की वीज तोडणारं आरसीसीबी बसवलं. बंद काचेत उष्णता कोंडते म्हणून आत कमी वॅटचा एलईडी. तारेचा पिवळसर प्रकाश देणारे एलईडी आता मिळतात, डोळ्यांना ते पुरे होतात. वीज गेली की आजीचा प्रभाकर कंदील असतो, कऱ्हाडजवळच्या ओगलेवाडीचा, काचेसकट शाबूत.

गंजाचं काय करायचं, हे मला सगळ्यात जास्त विचारतात. मासिकातल्या खोलीत गंजलेला पत्रा तसाच ठेवून वर पारदर्शक लॅकर मारलेला असतो. पुण्यात ते चालेल. आमच्याकडे गंजाच्या बारीक खड्ड्यांत मीठ बसलेलं असतं, मीठ हवेतलं पाणी ओढतं, आणि लॅकरखाली लोखंड कुजत राहतं. पुढच्या आषाढात वरचा थर फोड आल्यासारखा सुटतो. म्हणून सगळ्यात आधी गोडं पाणी. वस्तू विहिरीच्या पाण्याने पुन्हा पुन्हा धुवायची, ब्रशने खड्डे घासायचे, मग उन्हात कडकडीत वाळवायची. त्यानंतर तारेचा ब्रश, मग पॉलिश पेपर. खोल गंज असेल तिथे फॉस्फोरिक आम्लाचं द्रावण मिळतं, ते लावल्यावर गंजाचा काळा, घट्ट थर होतो. जिथे हात लागतो तिथे जवसाचं तेल अगदी पातळ चोळायचं आणि वर मेण. जिथे पाण्याची झड येते तिथे सरळ रेड ऑक्साइड आणि काळा रंग. तिथे सौंदर्याचा हट्ट धरायचा नाही. हे सगळं मार्च-एप्रिलमध्ये, ऊन कडक असताना. गणपतीत मेणाचा हात पुन्हा फिरवायचा.

पितळेला आमच्याकडे औषध घरातच आहे. आमसुलं काढून उरलेला कोकमाचा चोथा आणि चिमूटभर मीठ; घासलं की पितळ उजळतं, पण मग ते मीठ पाण्याने पूर्ण धुऊन टाकायचं. लोखंडाला पितळेचा स्क्रू थेट लावायचा नाही, हेही लक्षात ठेवावं. खाऱ्या ओलीत दोन धातू एकमेकांना भिडले की लोखंड झपाट्याने जातं. मधे रबराचा किंवा नायलॉनचा वॉशर घातला की भागतं.

जुन्या रंगाबद्दल एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. पूर्वीच्या ऑइलपेंटमध्ये शिसं भरपूर असायचं. घरगुती रंगांत शिशाचं प्रमाण दर दशलक्ष भागांत ९० च्या आत असावं, हा नियम आपल्याकडे १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. म्हणजे जुन्या ट्रंका, पलंग, दारं यांच्यावरचा रंग संशयितच धरायचा. तो कोरडा घासून धूळ उडवू नका, घरात लहान मूल असेल तर मुळीच नाही. पाणी मारून, तोंडाला मास्क लावून, खाली प्लॅस्टिक पसरून काम करा आणि ते प्लॅस्टिक गोळा करून टाका. आजोबांच्या ट्रंकेचा रंग मी खरवडलाच नाही. धुतली, वाळवली, आतून गंजाचं काम केलं, आणि बाहेरून पारदर्शक थर दिला, कारण तिने ओल पाहिलीय पण समुद्राचं मीठ कमी पाहिलंय. तिच्यात पावसाळ्यातली पांघरुणं असतात.

लाकडाचा एक मोठा तुकडा होडीचा आहे. किनाऱ्यावर आता फायबरच्या होड्या आल्या, आणि लाकडी होड्या माडांखाली उलट्या पडलेल्या दिसतात. एका ओळखीच्या रापणकराने आपल्या मोडीत काढलेल्या होडीची फळी मला दिली, पैसे घेईना, शेवटी पैशांऐवजी नारळ नेले त्याने. समुद्रातल्या किड्याने तिच्यात बोटाएवढे बोगदे पाडलेत. अशा फळीत मीठ मुरलेलं असतं, म्हणून ती जूनच्या पावसात उघड्यावर ठेवली आणि दिवाळीनंतर सावलीत सुकवली. भिंतीवर आता तिचं पुस्तकांचं फडताळ आहे. खालचे आधार लोहाराने ट्रकच्या स्प्रिंगच्या मोडक्या पाट्यांतून ठोकून दिले. त्याच पाट्यांचे तो कोयते करतो.

खुर्च्यांवर फार वेळ घालवला नाही. फ्रान्सच्या झावियेर पोशारची १९३४ ची पत्र्याची ‘टोलिक्स’ खुर्ची या शैलीत जिकडेतिकडे दिसते, तिच्या नकलाही. मंडपवाल्यांनी प्लॅस्टिकच्या खुर्च्या घेतल्यावर त्यांच्या लोखंडी घडीच्या खुर्च्या निघाल्या, त्या मी आणल्या. गावातल्या कितीतरी लग्नांत आणि दशावतारात माणसं त्यांवर बसली आहेत.

न आणलेल्या वस्तूही आहेत. वेंगुर्ल्याकडे काजूचे कारखाने पुष्कळ, आणि बंद पडलेल्या एका कारखान्यातून काजू फोडायचं पायाचं मशीन टेबलासकट विकायला होतं. रूपाने ते फार देखणं, तेलाने काळंभोर झालेलं. आमच्या शेजारच्या काकींनी तरुणपणी असल्या मशीनवर कितीतरी वर्षं काढली. त्यांना नेऊन दाखवलं. त्यांनी हात पाठीमागे घेतले. “नको गो बाय. चीक अजून आत असतलो त्येच्यात. आमची बोटां सोलवटायची.” काजूच्या टरफलातलं तेल कातडी जाळतं, हाताला राख, तेल चोळून बायका कामाला बसायच्या. ते टेबल मी घेतलं नाही. तिथलेच काजूगर वाळवायचे जाळीचे ट्रे घेतले, तेही काकींनी पसंत केले म्हणून, आणि त्यांवर आता माझे कागदांचे गठ्ठे हवेशीर राहतात. बंद घरांतून काढलेले देव्हारे आणि त्यांच्या चौकटीही बाजारात येतात. त्यांना मी हात लावत नाही. ज्या घरातले लोक मुंबईला आहेत आणि कधीतरी परत येतील, त्यांच्या घरची वस्तू त्यांना फोन केल्याशिवाय घेत नाही. एकदा असा फोन केल्यावर त्या मावशींनी विकायचं रद्द केलं आणि मे महिन्यात येऊन घर उघडलं. मला ती वस्तू मिळाली नाही, पण त्यांच्या घरी चहा मिळाला.

राहिलंय ते पश्चिमेच्या खिडकीचं. मुळात तिथे वाऱ्याचं भोकच होतं, गवंड्याने ते मोठं करून दिलं, आणि सध्या त्याला चुडताचा झाप बांधलाय. पावसाची झड नेमकी तिकडून येते, म्हणून लाकडी झडपांची जुनी खिडकी हवी आहे: फणसाची किंवा किंजळीची चौकट, उभे गोल गज, रुंदी अडीच फुटांच्या आसपास, भिरुडाने खाल्लेली नको. मेस्त्रीकाका म्हणतात, पाडव्याच्या आत मिळाली तर बसवून देईन, नाहीतर पावसानंतर बघू. सावंतवाडीपासून मालवणपर्यंत कुठे घर उतरवत असतील, तर ती चौकट चुलीत जायच्या आत मला कळवा. टेम्पो घेऊन मी येते, आणि बाबाही येतील, त्यांना गज ठोकून बघायचे आहेत.